विश्लेषण : ‘इच्छामरण’ की ‘दयामरण’? शब्द आला कुठून, कायदा कशाला परवानगी देतो?

एखादा रुग्ण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळला की बातम्यांमध्ये ‘इच्छामरण’ हा शब्द हमखास दिसतो. इंग्रजीतील ‘युथनेशिया’साठी मराठीत तोच रुळला आहे. पण या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी खपून जातात आणि भारतात त्यातील एकच कायदेशीर आहे.

मूळ अर्थ काय?

ग्रीक भाषेत ‘यू’ म्हणजे चांगला आणि ‘थानाटोस’ म्हणजे मृत्यू. कुणी कुणाला मरण देणे त्यात अभिप्रेत नव्हते. कुणी पटकन, त्रासाविना गेल्याचे कळले की रोमन सम्राट ऑगस्टस स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी तसेच मरण मागत असे आणि त्याला हाच शब्द वापरत असे, असे चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे ‘झोपेतच गेले, भाग्याचे मरण आले’ म्हणतात, तसेच काहीसे. पुढे १६०५ मध्ये फ्रान्सिस बेकनने रुग्ण वाचणार नसला तरी त्याचा शेवट सुसह्य करणे हे डॉक्टरांचे काम असल्याचे सांगताना हा शब्द वापरला. आजचा अर्थ बराच उशिरा आला. १८७० मध्ये इंग्लंडमधील सॅम्युअल विल्यम्स यांनी असाध्य रुग्णाने मागणी केल्यास त्याला क्लोरोफॉर्म देऊन त्याचे आयुष्य संपवावे, असे मांडले आणि वादाला तोंड फुटले.

मराठी शब्दामागे मात्र भीष्म आहेत. शंतनूकडून इच्छामरणाचा वर मिळालेले, शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे. तिथे वेळ ठरवणारे ते स्वतःच होते. जो बोलूच शकत नाही, त्याची इच्छा कुणी सांगायची?

अरुणा शानबाग प्रकरणात काय झाले?

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने अत्याचार केला. गळा आवळल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना भरवणे थांबवावे, अशी मागणी केली. केईएमच्या परिचारिकांचा त्याला ठाम विरोध होता. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या या कर्मचाऱ्यांचाच, असे सांगत न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालाने ‘निष्क्रिय’ दयामरणाचा दरवाजा पहिल्यांदा उघडला. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. त्या अवस्थेत त्यांनी ४१ वर्षांहून अधिक काळ काढला.

मग आज नेमके काय चालते?

इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे म्हणजे ‘सक्रिय’ प्रकार. नेदरलँड्समध्ये २००२ पासून तो कडक अटींवर चालतो. भारतात तो गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर किंवा आयुष्य लांबवणारे उपचार थांबवणे हा ‘निष्क्रिय’ प्रकार. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. ‘आईला आणखी त्रास नको, मशीन काढा’ असे नातेवाईक म्हणतात, ते याच चौकटीत बसते. पण नुसत्या तोंडी सांगण्यावर नाही. रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे आधी तपासणी करतात.

इच्छापत्र करायचे कसे?

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची! २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुटसुटीत केली. आता सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेतला की पुरते. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावे त्यात लिहावी लागतात. मत बदलले तर ते लेखी रद्दही करता येते. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते.