पाट्यांवरचे घर

वऱ्हाडातील शेतकऱ्याला गाडी भरण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. बंडीत मागे भार अधिक झाला की ती उलाळ होते आणि पुढे अधिक झाला की जू बैलांच्या मानेवर रुतते, हे त्याला बालपणापासून ठाऊक असते. त्या बंडीचे पुष्कळसे काम आता पिकअपकडे आले आहे. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यानंतर, याच गाडीच्या हौद्यावर राहते घर बसवून ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यास मुक्कामाला जावे, अशी हौस अमरावती-अकोल्याच्या एखाद्या रहिवाशास झाली, तर ती स्वागतार्हच आहे. परंतु तिच्या पूर्तीसाठी गाडीच्या पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगांचा, स्वभाव प्रथम जाणून घेतला पाहिजे.

कापसाचे ओझे बाजारात उतरते आणि पाट्यांना विसावा मिळतो. घराचे ओझे मात्र अहोरात्र पाठीवरच असते. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, लांबी, रुंदी व संख्या तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचे पाटे घातले, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. यास्तव नवा पाटा अंदाजाने चढवू नये. पाटे भार तोलतात, पण उसळी शमविण्याचे मुख्य कार्य शॉकॲब्सॉर्बरचे. ते जुनेच राहिले, तर घर हेलकावे खात राहते. शिवाय उंच घराचा गुरुत्वमध्य वर जात असल्यामुळे घाटातील वळणावर गाडी कलते, आणि पाण्याची टाकी मागील आसाच्याही मागे ठेवली, तर बंडी उलाळ व्हावी तशी पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरील पकड सैल पडते.

अमरावती ते अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. तथापि महामार्ग सोडून गावाकडे वळताच, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन रस्त्याला लाटांचे रूप देते, आणि पाट्यांची खरी परीक्षा तेथेच होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पाटे वाढविल्याने गाडीची वाकलेली पाठ सरळ होते. पण आस, टायर, ब्रेक व चासी यांची शक्ती तसूभरही वाढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ११३ नोंदणीत लिहिलेल्या एकूण वजनाची हद्द ओलांडू देत नाही, आणि कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मज्जाव करते. म्हणून परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी, पाणी, सामान व माणसे धरून होणारे सारे वजन काट्यावर मोजावे, आणि ते हद्दीत असेल तरच पाट्यांना हात लावावा. हद्दीबाहेरच्या घरासाठी मोठी गाडी घेणे, हाच एक सुरक्षित मार्ग आहे.