पावसातले गाणे आणि पडद्यामागचा गळा

काही चित्रपट असे लाडके असतात, की त्यांचे दोष काढले तर ऐकणाराच आपल्यावर रागावतो! ‘सिंगिंग इन द रेन’ हा त्यांतलाच. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा १९५२ सालचा हा संगीतमय बोलपट मी किती वेळा पाहिला, त्याची मोजदाद नाही. परवा मात्र तो धाकट्या मुलीला शेजारी बसवून पाहिला, आणि तिच्या एका प्रश्नाने मी निरुत्तर झालो.

आधी गुण सांगतो. कथा आहे १९२७ सालची. मूकपटांच्या राज्यात बोलपट अवतरला आहे. नायिका लीना लॅमाँट दिसायला अप्सरा. पण तोंड उघडले की फुटक्या भांड्याचा आवाज! मायक्रोफोन झुडपात लपवावा, तर बाईसाहेब मान फिरवून बोलणार. कपड्यांत शिवावा, तर शब्दांऐवजी काळजाचे ठोके ऐकू येणार. हसून हसून पुरेवाट होते. गाणी बहुतेक जुनीच, निर्माते आर्थर फ्रीड यांनी नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्यासह पूर्वी रचलेली. लेखकद्वय बेटी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांनी ती बोलपटाच्या बाल्यातली म्हणून कथाही त्याच काळातली घेतली, आणि जुन्या गाण्यांचे ठिगळ दिसेनासे झाले.

आणि ते पावसातले गाणे! जीन केलीने (दिग्दर्शनही त्याचे आणि स्टॅन्ली डोननचे) ते अंगात सणसणीत ताप असताना केले, असे सांगतात. छत्री मिटून भर पावसात नाचणारा तो माणूस पाहताना आपणही मनातल्या मनात चपला काढतो.

आता दोष. शेवटाकडे सुमारे १३ मिनिटांचे ‘ब्रॉडवे मेलडी’ नृत्य येते. सिड चॅरीस नाचते अप्रतिम, पण तोवर कथा बिचारी दाराबाहेर ताटकळत उभी! डोनाल्ड ओकॉनरचे ‘मेक देम लाफ’ पाहून मुले लोळतात. पण त्याची चाल कोल पोर्टर यांच्या ‘बी अ क्लाऊन’शी फारच जुळते. ते गाणे १९४८ च्या ‘द पायरेट’मधले, आणि त्याही चित्रपटाचे निर्माते फ्रीडच.

पण खरा दोष निराळाच आहे. कथेत लीनाला आवाज उसना देते कॅथी ही गुणी मुलगी. शेवटी भर सभेत पडदा वर जातो, मागे गाणारी कॅथी सर्वांना दिसते, लीनाची फजिती होते आणि कॅथीला तिचे श्रेय मिळते. इथे माझ्या मुलीने विचारले, “बाबा, मग हे गाणे खरेच हिनेच म्हटले आहे ना?”

काय सांगणार? कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स तेव्हा अवघी १९ वर्षांची. पाय रक्ताळेपर्यंत तिने नाच केला. परंतु लीनासाठी कॅथी ‘वुड यू’ हे गाणे म्हणते, तिथला गळा बेटी नोयेस या गायिकेचा. कॅथी लीनाचे संवाद म्हणते, तेव्हा ऐकू येणारा गोड आवाज तर लीना झालेल्या जीन हेगनचाच! उसन्या आवाजाचे बिंग फोडणाऱ्या चित्रपटाने स्वतः आवाज उसना घेतला, आणि श्रेयनामावलीत नोयेसचे नावही घातले नाही.

आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! तो गळा लता मंगेशकरांचा. त्यांचे नाव पुढे घरोघर झाले. नोयेसच्या नशिबी ते नव्हते.

मुलीला मी हे सारे सांगितले. ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, “ते गाणे परत लावा.” पुन्हा लावले. या वेळी ती पडद्याकडे पाहत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती.

चित्रपट माझा लाडका होता, तसाच आहे. येत्या सुट्टीत तुम्हीही मुलाबाळांसह अवश्य पाहा. मात्र ते गाणे आले, की बेटी नोयेस हे नाव घरात कुणीतरी मोठ्याने उच्चारा.