तंबू कुठे लावायचा, हे कोण ठरवते?

गेल्या सप्टेंबरात आमची तुकडी गढवालमधल्या एका बुग्यालावर ट्रेकला गेली होती. डोंगर चढताना झाडे संपतात आणि साधारण ३,३०० मीटरच्या वर गवताळ कुरणे लागतात, त्यांना तिकडे बुग्याल म्हणतात. दुपारी दोनला आम्ही वर पोहोचलो. समोर बर्फाची शिखरे होती, पायाखाली मऊ गवत होते. आम्ही पाठपिशव्या उतरवल्या, तेवढ्यात आमचे वाटाडे म्हणाले, "मुक्काम इथे नाही. खाली जंगलातल्या मोकळ्या जागेत." म्हणजे अजून तासभर उतरायचे! सगळेच कुरकुरले.

खाली गेल्यावर आभाळ भरून आले. कॅम्पक्राफ्टमध्ये शिकलो होतो, म्हणून मी तंबूभोवती पाणी जाण्यासाठी चर खणायला घेतला. वाटाड्यांनी, त्यांना आम्ही भैजी म्हणत होतो, माझ्या हातातले फावडे काढून घेतले आणि उपटलेली ढेकळे एकेक करून पुन्हा जागेवर बसवायला लावली. सगळ्यांसमोर झाले म्हणून मला राग आला. रात्री जेवणानंतर मी त्यांना कारण विचारले.

कारण साधे आहे. त्या उंचीवर वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो. गवताला वाढायला उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे थोडेच महिने मिळतात. मातीचा थर पातळ असतो आणि गवताच्या मुळांनीच तो उतारावर धरून ठेवलेला असतो. चर खणला की मुळांचे जाळे तुटते. मग पावसाचे पाणी त्याच चरातून धावते, माती वाहून नेते आणि काही वर्षांत तिथे घळ पडते. खेचरांच्या टापांनीही तसेच होते. एका रात्रीच्या एका तंबूने फार बिघडत नाही, पण हंगामभर रोज त्याच जागी तंबू पडले तर गवत उठत नाही.

म्हणूनच उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करायला बंदी घातली. दिवसाला २०० पेक्षा जास्त पर्यटक नकोत आणि वरची पक्की बांधकामे हटवावीत, असेही सांगितले. आली, बेदनी आणि बागजी या बुग्यालांच्या रक्षणासाठी तिथल्याच समितीने केलेल्या याचिकेवर हा आदेश झाला.

आदेश कागदावर असतो. पण वर डोंगरात, जिथे वनरक्षक रोज पोहोचू शकत नाही, तिथे तो पाळतो कोण? तंबू, शिधा, खेचरे आणि वाटाडे पुरवणारी ट्रेक संस्था. गटात किती माणसे घ्यायची, शौचाचा खड्डा झऱ्यापासून किती लांब खणायचा, स्वयंपाक गॅसवर करायचा की लाकडावर, हे तीच ठरवते. मुक्काम कुरणावरून जंगलात आला आणि चूल लाकडावरच पेटली, तर कुरण वाचेल पण झाडे जातील. म्हणजे नुकसानही यांच्याच हातून होते आणि रक्षणही.

याचे मोठे उदाहरण नंदादेवी. ७,८१६ मीटरच्या या शिखराभोवतालचा प्रदेश १९७४ मध्ये परदेशी मोहिमांसाठी खुला झाला. गिर्यारोहक आले, त्यांच्यामागे सामान वाहणारे आले, सरपणासाठी झाडे तुटली, कचरा साठला. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि आतला भाग बंद करण्यात आला. १९९३ मध्ये आपल्या लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या मोहिमेने तिथला जुना कचरा खाली आणला. कॅडेट म्हणून मला याचा अभिमान वाटतो.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. बंदीमुळे लाता, रेणी यांसारख्या गावांतल्या लोकांचे वाटाड्याचे आणि हमालीचे काम गेले, चराईही गेली. याच रेणीत १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडे वाचवली होती. ज्यांनी जंगल राखले, त्यांनाच बाहेर ठेवले गेले. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी बंद भागात शिरून आंदोलन केले. २००१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला, त्यात पर्यटन गावाच्या हाती असावे आणि रोजगारात स्थानिकांना प्राधान्य मिळावे अशी मागणी होती. २००३ पासून ठरलेल्या वाटेने, मर्यादित संख्येने पर्यटकांना थोडे आत जाता येऊ लागले.

मला यातून असे वाटते की नुसती मोकळीक चालत नाही आणि नुसते कुलूपही चालत नाही. कोणता झरा आटला, कोणती वाट खचली, मेंढ्यांचे कळप कधी वर येतात, हे रोज चालणाऱ्याला माहीत असते. वनखाते जेव्हा आराखडा करते, तेव्हा अशा माणसाला बैठकीत खुर्ची हवी. आणि जी संस्था नियम मोडते, तिचा परवाना जायला हवा.

आपल्या हातात काय आहे? शाळा ट्रेक ठरवते तेव्हा आपण आणि पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. वाटाडे त्याच खोऱ्यातले आहेत का? स्वयंपाक कशावर होणार? कचरा खाली कोण आणणार? सर्वांत स्वस्त संस्था निवडली, तर उरलेली किंमत डोंगर भरतो.

राहिला माझा चर. त्या रात्री जोराचा पाऊस झाला. भैजींनी तंबू थोड्या उंचवट्यावर हलवायला लावला होता. आत एक थेंबही आला नाही.