भिंतीवरून परतणारा आवाज

उड्डाणपुलाच्या एका कडेला ध्वनिरोधक भिंत उभी राहते आणि तिच्यामागील घरांना दिलासा मिळतो. समोरच्या इमारतीतील आजी मात्र म्हणू लागतात, ‘आवाज वाढलाय.’ घरची मंडळी ही तक्रार वयावर ढकलून मोकळी होतात. तसे करण्यापूर्वी भिंतीचा स्वभाव जाणून घ्यावा.

गुळगुळीत काँक्रीट किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट आवाज अडवते, पण शोषत नाही. तो समोर परतवते. छिद्रांच्या पत्र्याआड खनिज लोकर भरलेली भिंत त्यातील बराच भाग जिरवते. एका सपाट भिंतीवरून आवाज पूर्णतः परतला, तरी समोरची पातळी साधारणतः 3 डेसिबलपर्यंतच वाढते. सामान्य कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. परंतु उतारवयात गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे कठीण जाते, झोपही सावध होते. त्यामुळे ही अल्प भरदेखील जाचक ठरू शकते.

हे परावर्तन मोजताही येते. युरोपातील ईएन 1793 या मानकाच्या पाचव्या भागात, रस्त्यालगत उभ्या असलेल्या भिंतीचीच परीक्षा सांगितली आहे. भिंतीसमोर ध्वनिक्षेपक आणि 9 मायक्रोफोनांची चौकट ठेवतात. चौकट भिंतीपासून 25 सेंटीमीटरवर असल्याने थेट ध्वनीनंतर सुमारे दीड सहस्रांश सेकंदाने परतलेला ध्वनी पोहोचतो. तोच ध्वनी मोकळ्या जागी नोंदवून पहिल्या नोंदीतून वजा केला, की भिंतीने परतवलेला वाटा हाती उरतो.

घरी एवढी सिद्धता शक्य नाही. मोबाइलवरील आकडे काटेकोर नसतात, तरी तुलनेसाठी उपयोगी पडतात. एकाच फोनने, एकाच जागी, ठरलेल्या वेळी आठवडाभर नोंद करावी. शेजारी ज्येष्ठांची झोपमोडही लिहावी. आपल्याकडील 2000 सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. नोंदवहीसह महापालिकेकडे अर्ज करावा आणि भिंतीच्या ध्वनिशोषणाचा चाचणी अहवाल मागावा.

तोवर ज्येष्ठांचा पलंग रस्त्यापासून दूरच्या खोलीत हलवावा, त्यांच्याशी समोर बसून बोलावे. आणि त्यांची तक्रार खोटी ठरवण्याआधी एकदा त्यांच्या खिडकीपाशी रात्री शांतपणे बसून पाहावे.