शालेय आरोग्य धोरण दंतक्षय शोधते. तो रोखण्याची जबाबदारी मात्र विखुरलेली

रायपूर : बूढा तलावाजवळील बूढापारा ही रायपूरची जुनी वस्ती. अशा वस्तीतील सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाचा दात किडला, तर तो कोणाच्या लक्षात येईल, उपचार कोठे होतील आणि मुळात दात किडू नये यासाठी शाळेत काय केले जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शासकीय धोरणात स्पष्ट आहेत. तिसऱ्याचे उत्तर अद्याप अपुरे आहे.

तपासणी कशी होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. छत्तीसगडमध्ये तो ‘चिरायु’ या नावाने ओळखला जातो. या कार्यक्रमांतर्गत फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. तपासावयाच्या ३० आजार व व्यंगांच्या यादीत दंतविकारांचाही समावेश आहे. मात्र पथकात आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, दंतवैद्य नसतो. त्यामुळे किडलेला दात आढळल्यास मुलाला पुढील उपचारांसाठी पाठविले जाते. रायपूरमध्ये शासकीय दंत महाविद्यालय आहे. पण तेथपर्यंत मुलाला नेण्यासाठी पालकांना एका दिवसाची मजुरी बुडवावी लागू शकते.

प्रतिबंध कोठे अडतो?

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे आवरण झिजते. खड्डा पडण्यापूर्वीची झीज फ्लोराइडच्या साहाय्याने भरून येऊ शकते. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत बहुधा तयार झालेला खड्डाच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमातून बालवाड्यांत शिक्षकांच्या देखरेखीखाली मुले रोज दात घासतात. भारतात शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ करणाऱ्या शालेय आरोग्य कार्यक्रमाचे ११ विषय आहेत. त्यांत मौखिक आरोग्य हा स्वतंत्र विषय नाही.

पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा मार्ग येथे सोयीचा नाही. छत्तीसगडच्या काही भागांत भूजलातच ते मर्यादेपेक्षा अधिक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून, पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

गोड पदार्थांवरील नियंत्रण दुसऱ्याच यंत्रणेकडे आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिरिक्त साखर, मीठ व चरबी असलेल्या पदार्थांची विक्री शाळेत आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. राज्य मंडळांच्या शाळांना तो आदेश आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेतले. त्यासाठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून अनेकदा तिच्याकडे दुर्लक्ष होते. ही दाढ गमावली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. शाळेतील तपासणीनंतर मिळालेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवणे आणि तिचा पाठपुरावा करणे म्हणूनच आवश्यक आहे. धोरणाचे यश किती मुले तपासली यावर नव्हे, तर किती मुलांच्या दाढा वाचल्या यावर मोजले जायला हवे.