यमकाची साक्ष

मराठीतला सर्वांत जुना ग्रंथ कोणता, असे विचारले की अंबाजोगाईचा माणूस क्षणभरही थांबत नाही. ‘विवेकसिंधु’! तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाजवळच्या बालाघाटाच्या दरीत आहे. 18 प्रकरणे, 1671 ओव्या आणि शेवटी दिलेला काळ शके 1110, म्हणजे इसवी सन 1188. ‘ज्ञानेश्वरी’ 1290 ची. म्हणजे ‘विवेकसिंधु’ ‘ज्ञानेश्वरी’च्या 102 वर्षे आधीचा.

आता दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचा आणि चक्रावून जा. आधीचा म्हणवणारा ग्रंथ सोपा लागतो आणि नंतरच्या ग्रंथाला पानोपानी शब्दार्थ पाहावे लागतात. भाषा काय उलटी चालली होती?

चोखंदळ वाचन इथून सुरू होते. आपल्या हातातली पोथी मुकुंदराजांच्या हातची नाही. ती कुणीतरी केलेली नक्कल, तीही दुसऱ्या नकलेवरून केलेली. आणि नक्कल करणारा मुळात वाचक असतो. जुने, अडणारे रूप दिसले की त्याचा हात नकळत ओळखीच्या रूपाकडे वळतो. खुद्द ‘ज्ञानेश्वरी’चे पाठ इतके बिघडले होते की एकनाथांनी 1584 मध्ये ते शोधून ग्रंथ शुद्ध केला. मग सोप्या मराठीवरून ‘विवेकसिंधु’ नंतरचा ठरत नाही. ती भाषा नकलकाराची असू शकते. पण त्याच न्यायाने शेवटी दिलेल्या शकावरूनही तो आधीचा ठरत नाही. नकलकार शब्द बदलू शकतो, तर एखादी ओवी जोडूही शकतो.

मग विश्वास ठेवायचा कशावर? उत्तर मजेदार आहे. शाळेत ज्याला आपण शोभेची वस्तू समजून पाठ केले, त्या यमकावर!

ग्रंथी ओवीला चार चरण असतात. पहिल्या तिन्हींना यमक असते, चौथा आखूड आणि मोकळा. प्रयोगापुरती एक ओवी रचून पाहू:

माळावरी पाऊस पडे,
ओढा धावे खडकाकडे,
मेंढरे थांबती पलीकडे,
वाट पाहत.

समजा, दोनशे वर्षांनी कुणी ही उतरवून घेतली. ‘माळावरी’चे ‘माळावर’ झाले, कुणाला पत्ता लागणार नाही. ‘थांबती’चे ‘थांबतात’ झाले, तरी ओवी सैल छंदात खपून जाते. पण ‘पडे’चे ‘पडतो’ करून पाहा. कान लगेच तक्रार करतो, कारण खालचे ‘खडकाकडे’ आणि ‘पलीकडे’ साथ सोडतात. म्हणजे ओवीच्या पोटातला शब्द केव्हाही बदलू शकतो. यमकाच्या जागी बसलेला शब्द मात्र शेजाऱ्यांनी धरून ठेवलेला असतो. जुनी क्रियापदे, जुने प्रत्यय टिकायची शक्यता चरणाच्या टोकाला जास्त. म्हणून जुन्या ग्रंथाचे वय काढताना ओळींची टोके तपासणे उपयोगी पडते. कवीने गोडव्यासाठी योजलेली युक्ती आठ शतकांनी साक्षीदार होऊन उभी राहते.

दुसरा पेच गावाचा. ग्रंथात अंबानगरीचा उल्लेख आहे. अंबाजोगाई म्हणते, ती आम्हीच. पण उल्लेखाच्या संगतीने नदीचे जे नाव येते ते विदर्भातल्या वैनगंगेशी जुळते, आणि त्या नदीकाठी नागपूर जिल्ह्यात अंभोरा आहे. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी तिथे दाखवतात. ग्रंथ करवून घेणाऱ्या जैतपाळ राजाचे बाप-आजेही ग्रंथात येतात, तेव्हा अभ्यासक त्या नावांचा माग काढत राजघराणी धुंडाळतात. इथे वाचकाने एक प्रश्न जवळ बाळगावा: ही ओवी कशासाठी लिहिली आहे? आश्रयदात्याचे गुणगान हा त्या काळचा रिवाज होता. त्यात राजाच्या मोठेपणाची विशेषणे बाजूला ठेवावीत, आणि वडील, आजोबा, नदी, गाव असे जे सहज बोलून गेले आहे ते उचलावे. कौतुक करताना माणूस वाढवून सांगतो; पत्ता सांगताना त्याला वाढवून सांगायचे कारण नसते.

अंबाजोगाईतच पोथीच्या उलट टोकाचा पुरावाही आहे. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातले शिलालेख. दगडाची नक्कल होत जात नाही, त्यामुळे त्यावरचे अक्षर कोरले त्या दिवशीचेच राहते. पण दगड थोडके बोलतो: राजा, दान, देऊळ. ब्रह्म म्हणजे काय हे सांगायला ओव्याच लागतात, आणि ओव्या माणसांच्या तोंडून आणि हातून जातात. टिकाऊपणा हवा की विस्तार, ही निवड प्रत्येक लिहिणाऱ्याला करावी लागते.

त्याच गावात राहिलेल्या दासोपंतांनी (1551 ते 1615) तिसरीच वाट काढली. त्यांना पंचीकरण समजवायचे होते. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते एकमेकांत मिसळून दिसणारे जग कसे बनते, हा तो विषय. हिशेब असा: प्रत्येक स्थूल भूताचे आठ भाग धरले तर चार त्याचे स्वतःचे, आणि उरलेल्या चौघांकडून एकेक. पाच भूतांचा हिशेब ओळीने सांगू लागलात तर ऐकणारा तिसऱ्यापर्यंत हरवतो. पण पाच आडव्या, पाच उभ्या ओळींच्या पंचवीस घरांत मांडा. तिरप्या रेषेवर सगळे चार, बाकी सगळीकडे एक. एका नजरेत उलगडा!

दासोपंतांनी यासाठी पोथीचे पान सोडले आणि अंगावर पांघरायची जाड पासोडी घेतली. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापडावर जवळपास 1600 ओव्या, आणि जोडीला आकृत्या नि कोष्टके. ही पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. पाहणारे तिच्या लांबीने थक्क होतात, पण खरी थोरवी मांडणीच्या निवडीत आहे. विषय एका ओळीत चालणारा नव्हता, तेव्हा कवीने ओळीचाच हट्ट सोडला.

यमक असो, राजस्तुती असो की कोष्टक, लेखनातली प्रत्येक युक्ती दोनदा कामाला येते. पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या मनासारखी. दुसऱ्यांदा त्याच्याही ध्यानीमनी नसताना, नीट विचारणाऱ्या वाचकासाठी. म्हणून पुढच्या वेळी एखादी ओळ आवडली, तर तिच्यातला एक शब्द बदलून पाहा. कुठला शब्द हलतो आणि कुठला हलता हलत नाही, एवढे कळले तरी ती ओळ कशी उभी आहे ते कळू लागते.