एकदाच नीट वाजवायची कॅसेट

व्हीसीआरचं झाकण काढून आत पाहिलं, की मधोमध चकचकीत धातूचा ड्रम दिसतो. व्यास 62 मिलिमीटर, बसवलेला जरासा तिरका. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेड. कॅसेट आत सरकली की मशीन तिची पट्टी बाहेर ओढून या ड्रमभोवती अर्ध्याहून थोडी अधिक लपेटतं. पट्टी सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर सरकते. ड्रम मात्र मिनिटाला 1500 फेरे घेतो. फिरता फिरता हेड पट्टीवर तिरकी रेघ वाचत जातं. एका रेघेत अर्धं चित्र, सेकंदाला अशा 50 रेघा आणि प्रत्येकीची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी.

जेव्हीसी कंपनीने 1976 साली जपानमध्ये ही पद्धत व्हीएचएस या नावाने बाजारात आणली. आपल्याकडे 1982च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मग व्हीसीआर भाड्याने मिळू लागले आणि हळूहळू लग्न, मुंज, बारसं, एकसष्टी यांची ‘कॅसेट काढायची’ पद्धत पडली. कितीतरी घरांत आजीचा आवाज फक्त त्या पट्टीवर उरला आहे. म्हणूनच ती डिस्कवर उतरवण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं, आणि ते घाईघाईत उरकलेलं पाहवत नाही.

पट्टी म्हणजे पॉलिएस्टरची फीत. तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट थराने धरून ठेवलेले असतात. हा थर हवेतला ओलावा शोषतो, मऊ पडतो आणि सुटू लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात लोखंडी कपाटात पंचवीस-तीस पावसाळे काढलेल्या कॅसेटवर याहून वाईट संकट येतं ते बुरशीचं. कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती मशीनमध्ये घालू नये. बुरशी हेडवर चढते, चित्राच्या मुंग्या होतात आणि त्याच मशीनमधून ती पुढच्या कॅसेटला लागते. जाणता कारागीर आधी कॅसेट उघडतो, मास्क लावून पट्टी कोरड्या मऊ कापडातून संथपणे फिरवतो, गरज पडली तर रिळं नव्या खोक्यात बसवतो. या तयारीला वेळ लागतो आणि त्याचे पैसे मागितले तर ते द्यावेत. त्याआधी घरी करण्यासारखं एक काम आहे: कॅसेटच्या कडेचा रेकॉर्डिंगचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकायचा, म्हणजे चुकूनही वर दुसरं काही छापलं जाणार नाही.

खरी अडचण मशीनची आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. आता जी मशीनं चालतात ती दुरुस्त केलेली, एकाचं हेड दुसऱ्याला लावून जगवलेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने 2015 सालीच इशारा दिला होता, की 2025पर्यंत डिजिटल न झालेली चुंबकीय पट्टी बहुधा कायमची हातची जाईल. ती मुदत उलटली आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर पेच आणखी वाढतो. तिथली पद्धत एनटीएससी, 525 ओळींची. आपली पाल, 625 ओळींची. त्या कॅसेटला दोन्ही पद्धती समजणारं मशीन लागतं.

जुनी पट्टी कुठे ताणलेली असते, कुठे आकसलेली. त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ ठरल्या क्षणी सुरू होत नाही. उभ्या कडा लाटेसारख्या हलतात, संगणक मधल्या फ्रेम गाळतो आणि बोलणं ओठांच्या मागे पडतं. हे सावरायला टाइम बेस करेक्टर लागतो. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही एस-व्हीएचएस मशीनमध्ये तो आतच असे, म्हणून जाणकार आजही ती मशीनं शोधत फिरतात. पट्टी आणखी किती वेळा धड वाजेल याची खात्री नसते. तेव्हा माझं मत सरळ आहे: खर्च करायचा तो या एका वाजवण्यावर. तिथे जे निसटलं ते कितीही महागड्या डिस्कवर परत येणार नाही.

डिस्कचं गणित त्यानंतर येतं. साधी डीव्हीडी 4.7 जीबीची. दोन तासांचं लग्न तिच्यात बसवायला चित्र खूप दाबावं लागतं आणि गर्दीच्या, हलत्या दृश्यात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. शिवाय लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत माहिती धरते ती सेंद्रिय रंगाच्या थरात. उन्हाने, उष्णतेने तो थर विटतो. एम-डिस्कमध्ये असेंद्रिय थर असतो आणि तिचे निर्माते हजार वर्षांचा दावा करतात. पण ती वाचायला ड्राइव्ह हवा, आणि नव्या लॅपटॉपमधून तो केव्हाच गेला. सोनीनेही फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. म्हणून काहीही न गमावता दाबलेली मूळ फाइल मागून घ्यावी, मग ती तासाला 30 जीबीच्या आसपास का भरेना. ती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. एम-डिस्क ही तिसरी प्रत. डीव्हीडी पाहुण्यांना वाटायला ठीक.

कॅसेट निवडतानाही सावध राहावं. घरोघरी असते ती ‘मिक्सिंग’ केलेली: बदामाच्या आकारात वधू-वर, फिरणाऱ्या चौकटी, आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी. त्या गाण्यांखाली मंगलाष्टकं बुडाली, रुखवताभोवतीच्या गप्पा बुडाल्या, जेवणाच्या पंगतीतले उखाणेही बुडाले. व्हिडिओवाल्याने मूळ शूटिंगची कॅसेट दिली असेल तर आधी ती उतरवून घ्यावी, अगदी शेवटच्या कोऱ्या भागापर्यंत. कॅमेरा चालू राहिल्यामुळे टिपलेली मांडवातली पाच मिनिटं कुणालाही कापू देऊ नयेत.

फाइल हाती आली, की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला टीव्हीसमोर बसवून नावं विचारावीत: अक्षता वाटणाऱ्या बाई कोण, फेटा बांधणारे गृहस्थ कुणाकडचे, कडेवरचं मूल कुणाचं. चित्रातली वेळ आणि त्यापुढे नाव, गाव, नातं, एवढं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ती व्हिडिओच्या शेजारी ठेवावी. शिवाय तिची एक छापील प्रतही काढून ठेवावी.